जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या ब्रेकला हवेचा डक्ट लावायचा तर सुरुवात चाकाच्या आतून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्वदच्या दशकातली रिअर-व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार, चालकासह वजन साधारण १,२०० किलो, पुढे २८० मिमीच्या व्हेंटेड (मधून पोकळ) डिस्क आणि सिंगल पिस्टनचे सरकते कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग). रस्त्यावर ब्रेक उत्तम. ट्रॅकवर मात्र पाच-सहा फेऱ्या झाल्या की पेडल खोल जायला लागतं आणि पुढच्या चाकांपाशी जळका वास येतो. बेत असा: फॉग लॅम्प काढायचे, तिथून तीन इंची पाइप न्यायचा, डस्ट शील्ड (डिस्कच्या आतल्या बाजूचा पत्रा) काढून टाकायची आणि पाइपाचं तोंड डिस्ककडे करून केबल टायने आवळायचं. विचारलंय की तीन इंची पाइप बसेल का, कुठल्या जातीचा घ्यावा आणि एवढं करून फरक पडेल का.

फरक पडेल. पण या बेतात सगळं लक्ष बंपरकडे गेलंय आणि खरं काम चाकाच्या आत आहे. गाडीच्या नाकातून हवा आत घेणं सोपं असतं. ती डिस्कच्या नेमक्या कुठल्या भागात सोडली जाते त्यावर सगळं ठरतं. शिवाय तुमचं पेडल खोल जातंय, म्हणजे सगळ्यात आधी हात टेकणारी वस्तू बहुधा डिस्क नाही, ब्रेक ऑइल आहे. त्यामुळे तिथूनच सुरू करू.

पेडलावरून रोग ओळखा

ब्रेक तापून कमी पडतात तेव्हा पायाला दोन वेगळ्या गोष्टी जाणवतात. पेडल मऊ होऊन खोल गेलं, दोन-तीनदा मारल्यावर थोडं वर आलं, तर कॅलिपरमधलं ऑइल उकळलंय. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. याउलट पेडल वर आणि टणक आहे, पाय जीव खाऊन दाबतोय, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलाय. पहिल्या रोगाला दुसऱ्याचं औषध लागू पडत नाही.

तिसरी एक गोष्ट जुन्या गाड्यांत हमखास सापडते आणि तिचा उष्णतेशी काही संबंध नसतो. व्हील बेअरिंगला खेळ असेल तर वळणात किंवा कर्बवरून गेल्यावर डिस्क तिरकी हलते आणि पॅड मागे ढकलते. मग पुढच्या वेळी पेडल पहिल्या दाबाला खोल जातं आणि दुसऱ्या दाबाला एकदम टणक येतं. हे थंड ब्रेकवर, पहिल्याच फेरीतही होतं. तसं असेल तर डक्टचा विचार सोडा आणि बेअरिंग बघा. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की कळतं.

ऑइलचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू नव्या ऑइलला २०५ अंश सेल्सिअस आणि ओलं झाल्यावर १४०. डॉट ४ ला २३० आणि १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. ‘ओलं’ म्हणजे साधारण पावणेचार टक्के पाणी शोषलेलं, आणि हे ऑइल हवेतली ओल शोषतंच. म्हणजे दोन-तीन वर्षं न बदललेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही वाईट असू शकतं. ३०० अंशांच्या पुढचा कोरडा उत्कलनबिंदू असलेली रेसिंग ऑइल मिळतात. ट्रॅकवर तीच घ्या आणि दर काही ट्रॅक डेनंतर बदला, कारण ती काही वर्षानुवर्षं टिकण्यासाठी बनवलेली नसतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे, ते यात मिसळू नका. आणि एकदा उकळलेलं ऑइल ‘थंड झाल्यावर ठीक झालं’ असं धरून चालू नका. ते काढून नवीन भरा आणि चारही चाकं ब्लीड करा, म्हणजे नळ्यांतली हवा काढा.

सरकता कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना हाताने मोकळ्या हलतात का तेही याच वेळी बघा. पिन अडकलेली असेल तर एकच पॅड सगळं काम करतो, तो तिरका झिजतो आणि त्या बाजूला उष्णता नाहक वाढते. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून जाडी मोजली की पुरावा हातात येतो.

डक्ट काय करतो, काय करत नाही

इथे थोडा हिशेब केल्याशिवाय अपेक्षा जागेवर येत नाहीत. ताशी १८० किमीवरून ८० वर यायचं आहे. १,२०० किलोच्या गाडीला त्यासाठी साधारण १२ लाख जूल ऊर्जा टाकून द्यावी लागते. त्यातली ७० टक्के पुढच्या ब्रेकवर येते असं धरलं तर एका डिस्कच्या वाट्याला सव्वाचार लाख जूल. डिस्कचा घासणारा भाग पाच किलोचा असेल आणि बिडाची उष्णताधारकता किलोमागे अंशाला ५०० जूल धरली, तर एका ब्रेकमध्ये डिस्क १६० ते १७० अंशांनी तापते. हवेच्या रोधाने आणि इंजिनाने थोडा भार उचलला तरी चित्र बदलत नाही.

ही वाढ तीन-चार सेकंदांत होते. तेवढ्यात डक्टमधून येणारी हवा जवळजवळ काहीच करू शकत नाही. एका ब्रेकची उडी फक्त डिस्कचं वजन कमी करतं: जड डिस्क, छोटी उडी. डक्टचं काम दोन ब्रेकच्या मधल्या सरळ रस्त्यावर चालतं. तिथे डिस्क १२० अंशच उतरत असेल तर पुढच्या ब्रेकला ती ४०-५० अंश जास्त गरम पोचते, त्याच्या पुढच्याला आणखी. डिस्क जितकी गरम तितकी उष्णता वेगाने बाहेर जाते, म्हणून कधीतरी हा चढ थांबतो आणि तापमान एका पातळीवर स्थिरावतं. डक्ट ही पातळी खाली आणतो. तुमच्या बाबतीत पाच-सहा फेऱ्यांनी त्रास सुरू होतोय, म्हणजे हळूहळू साठत जाणाऱ्या उष्णतेचंच लक्षण आहे आणि इथे डक्टला वाव आहे. पहिल्याच जोरदार ब्रेकला पेडल गेलं असतं तर मी डक्टचं नाव घेतलं नसतं.

ट्रॅक कसा आहे यावरही बरंच अवलंबून आहे. डक्टला ढकलणारा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किमीला तो जेमतेम १७० पास्कल असतो, १८० ला १,५०० च्या आसपास. छोट्या, गुंतागुंतीच्या, सतत ब्रेक मागणाऱ्या ट्रॅकवर गाडी कधी वेगातच येत नाही, आणि तिथे मोठ्यात मोठा डक्टही निराशा करतो. लांब सरळ रस्ते असलेल्या ट्रॅकवर तोच डक्ट कमाल करतो.

आधी मोजा

डिस्कवर लावायचा तापमानदर्शक रंग मिळतो, तीन बाटल्यांचा संच. हिरवा साधारण ४३० अंशांना रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर, म्हणजे जिथे पॅड घासत नाही तिथे, तिन्हींचे बोटभर पट्टे शेजारी शेजारी ओढा. कॅलिपरवर, पिस्टनच्या शक्य तितक्या जवळ, तापमानाची चिकटपट्टी लावा. तिच्यावरचे चौकोन एकदा काळे पडले की काळेच राहतात, त्यामुळे गाठलेलं कमाल तापमान निवांत वाचता येतं.

हिरवा पट्टाही बदलला नसेल तर तुमची डिस्क काही भयंकर तापत नाही. चांगला पॅड आणि ताजं ऑइल एवढ्यात काम भागेल. नारिंगी गेला आणि कॅलिपरची पट्टी २०० च्या पुढे गेली, तर डक्ट लावायला सबळ कारण आहे. लालही गेला तर डक्टबरोबर मोठ्या डिस्कचाही विचार सुरू करा.

इन्फ्रारेड थर्मामीटर पिटमध्ये आल्यावर डिस्कवर रोखण्याची पद्धत आहे, तिच्यावर फार विसंबू नका. चकचकीत धातूवर ते कमी आकडा दाखवतं आणि पिटपर्यंत येईस्तोवर डिस्क बरीच निवलेली असते. डाव्या-उजव्या चाकाची तुलना करायला मात्र ते उत्तम.

हवा कुठे सोडायची

आता मुख्य मुद्दा. व्हेंटेड डिस्क म्हणजे दोन चकत्या आणि मधल्या पाती. चाक फिरतं तेव्हा पातींमधली हवा बाहेरच्या कडेने फेकली जाते आणि मधल्या भागातून नवीन हवा आत ओढली जाते. डिस्क स्वतःच एक पंप आहे, आणि तिचं तोंड हबभोवतीच्या कड्यासारख्या फटीत असतं. डक्टचं काम त्या तोंडाला गार, ताजी हवा पुरवणं. बाकीचं डिस्क स्वतः करते.

पाइपाचं तोंड नुसतं डिस्ककडे केलं की हवा आतल्या चकतीच्या पृष्ठभागावर आपटते. आतली चकती गार, बाहेरची गरम, मधल्या पाती ताणात. त्यातून डिस्क शंकूसारखी किंचित वाकते, पॅड तिरके झिजतात आणि पुढे पृष्ठभागावर केसासारख्या भेगा दिसायला लागतात. ‘डक्ट लावला आणि डिस्क फुटायला लागल्या’ ही तक्रार बहुतेक वेळा याच जोडणीची असते.

म्हणून पाइप विकत घेण्याआधी एक चाक काढा, डस्ट शील्डच्या कडेने बॅटरी मारा आणि बघा: पातींमधल्या फटी गाडीच्या बाजूने उघड्या दिसतात का? बहुतेक डिस्कमध्ये मधली टोपी बाहेरच्या चकतीला जोडलेली असते आणि फटी आतून, म्हणजे गाडीच्या बाजूने, उघड्या असतात. तसं असेल तर डक्ट मनासारखा चालतो. पण काही डिस्कमध्ये टोपी आतल्या चकतीला जोडलेली असते आणि फटी चाकाच्या बाजूने उघडतात. अशा डिस्कला आतून कितीही हवा मारली तरी पातींमध्ये जात नाही. मग दुसऱ्या बनावटीची, त्याच मापाची पण आतून उघडी डिस्क मिळते का ते शोधणं हे डक्टच्या आधीचं काम.

पाती वाकड्या असतील तर डिस्क डावी-उजवी वेगळी असते. पातीचं बाहेरचं टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे राहिलं पाहिजे. वरच्या खाचा किंवा भोकांची नक्षी बघून दिशा ठरवू नका, पातीच बघा. उलटी बसवलेली जोडी पंपाचं काम निम्म्या मनाने करते.

तुमची गाडी याच्यात येत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे डॅटसन २४०झेड किंवा एमजीबी असेल तर पुढच्या डिस्क भरीव आहेत. तिथे पंप नाहीच. हवा दोन्ही बाजूंना समान मिळेल असं तोंड दुभागून न्यावं लागतं, आणि ते नीट जमत नसेल तर व्हेंटेड डिस्कचं रूपांतर जास्त फायद्याचं पडतं.

डस्ट शील्ड: काढायची नाही, बदलायची

शील्ड काढली की डिस्क मोकळी होते आणि थोडी हवा जास्त मिळते, हे खरं. पण तीच शील्ड तापलेल्या डिस्कची धग लोअर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे) यांचे रबरी बूट आणि एबीएस सेन्सरची वायर यांच्यापासून अडवते. ५०० अंशांच्या डिस्कपासून दोन-तीन सेंटीमीटरवर असलेला रबरी बूट फार दिवस टिकत नाही. तो फाटला की ग्रीस जातं, पाठोपाठ जॉइंट जातो.

म्हणून शील्डच्या जागी हवा देणारी प्लेट बनवा. मूळ शील्ड नकलला (हब आणि कॅलिपर धरणारा भाग) ज्या बोल्टने लागते तेच बोल्ट वापरा. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा: मध्ये हबसाठी भोक, कॅलिपरच्या जागी खाच, सेन्सरसाठी काप. पुठ्ठा बसवून हब हाताने फिरवा, कुठे अडत नाही ना बघा. मग १ ते १.२ मिमीच्या लोखंडी पत्र्यातून कापा. दीड-दोन मिमीच्या ॲल्युमिनियमची प्लेटही चालते आणि हलकी होते, पण जोड ॲल्युमिनियमच्या रिव्हेटने करू नका. धगीत ते ढिले होतात. स्टीलचे रिव्हेट किंवा वेल्डिंग.

प्लेटला डिस्कच्या तोंडाभोवती वळलेली कडा हवी, म्हणजे आलेली हवा कडेने निसटण्याऐवजी पातींमध्येच शिरेल. कडा आणि डिस्क यांच्यात ३ ते ५ मिमी फट ठेवा. याहून कमी ठेवलीत तर डिस्क तापून पसरल्यावर आणि वळणात हब थोडा वाकल्यावर घासेल. फार जास्त ठेवलीत तर हवा तिथूनच पळेल. प्लेटच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ६ मिमीचं एक भोक पाडा, पाणी साचायला नको.

पाइप जोडायची नळी प्लेटवर कुठे लावायची हे पुढून येणाऱ्या वाटेवर ठरतं. बहुतेक गाड्यांत कॅलिपर मागे असेल तर नळी पुढच्या बाजूला सोयीची पडते. नळी हबच्या दिशेने थोडी तिरकी असेल तर हवा वळण कमी घेते. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडच्या समोरचा पत्रा शाबूत ठेवा, तिथे भोकं पाडू नका.

कॅलिपरकडेही थोडी हवा वळवावी का? ऑइल उकळण्याचा त्रास असेल तर मोह होतो. एखादं छोटं तोंड चालेल, पण मुख्य प्रवाह डिस्कच्या तोंडालाच. ऑइलपर्यंत जाणारी उष्णता डिस्ककडून पॅडमार्गे पिस्टनमध्ये येते. त्या वाटेवर पॅडच्या पाठीमागे टायटॅनियमची पातळ चकती घातली तर उष्णता अडते, कारण टायटॅनियम उष्णतेचा मंद वाहक आहे. नवा पॅड आधीच घट्ट बसत असेल तर तिच्यासाठी जागा आहे का ते मात्र मोजून बघा.

पाइप: व्यास, जात, वाट

५१ मिमीच्या, म्हणजे दोन इंची पाइपाचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस मिमी. ६३ मिमीचं ३,१२०. ७६ मिमीचं, म्हणजे तीन इंचीचं, ४,५४०. दोन इंचीपेक्षा तीन इंची सव्वादोनपट. म्हणून सगळे तीन इंचीच्या मागे असतात, आणि बरोबरच आहे, पण जुन्या स्पोर्ट्स कारच्या अरुंद व्हील आर्चमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आणि अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) यांच्यात तेवढी जागा क्वचितच उरते.

त्यावर उपाय असा की पाइप तीन इंची घ्या आणि अडचणीच्या जागी तो चपटा करा. ७६ मिमीचा पाइप ४५ मिमी जाडीचा केला तर तो साधारण ९४ मिमी रुंद होतो आणि क्षेत्रफळ फक्त सहाव्या हिश्श्याने घटतं. म्हणजे चपटा तीन इंची हा गोल अडीच इंचीपेक्षा मोठाच राहतो. प्लेटवरची नळीही याच चपट्या आकाराची करा, म्हणजे पाइपाला शेवटी पुन्हा गोल व्हावं लागत नाही. हेही बसत नसेल तर गोल अडीच इंची लावा आणि समाधान माना. नीट ताणलेला, कमी वळणांचा अडीच इंची हा कोंबून बसवलेल्या तीन इंचीपेक्षा जास्त हवा देतो.

जातीबद्दल: काचतंतूवर सिलिकॉनचा लेप आणि आत तारेचा वेढा असलेला दुपदरी पाइप घ्या. तो २५० अंशांच्या पुढेही टिकतो. निओप्रीनचा स्वस्त पडतो आणि लवचिक असतो, पण त्याची मर्यादा साधारण १३५ अंश. बंपरपासून व्हील आर्चपर्यंत तो चालेल. चाकाच्या आतला तुकडा सिलिकॉनचाच हवा. कपड्यांच्या ड्रायरचा किंवा घरगुती एक्झॉस्टचा ॲल्युमिनियम फॉइलचा पाइप लावू नका. तो एका दगडाने फाटतो.

हे पाइप आतून सुरकुतलेले असतात, आणि सैल ठेवले की सुरकुत्या दाट होऊन हवेला अडवतात. म्हणून लांबी मापून, पूर्ण ताणून कापा. हालचालीसाठी लागणारी ढील फक्त शेवटच्या तुकड्यात ठेवा. वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासापेक्षा कमी नको, आणि काटकोनातली दोन वळणं टाळता येत असतील तर वाट लांब झाली तरी चालेल.

तुमच्या गाडीत वाट कशी निघेल हे फोटोशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. साधारणपणे पुढून आत आल्यावर अँटी-रोल बारच्या वरून किंवा खालून, लोअर आर्मच्या पुढच्या कडेने नकलपर्यंत, ही सगळ्यात कमी हलणारी वाट असते. आर्मवर पाइपाचा एक आधार द्या, म्हणजे चाक वर-खाली होताना पाइप त्याच्याबरोबर जाईल. बॉडीवरच्या आधाराला रबरी अस्तराच्या पट्ट्या, पाइपाच्या टोकांना रुंद क्लॅम्प. ब्रेकच्या लवचिक नळीला किंवा एबीएसच्या वायरला पाइप बांधणं ही मी कधीच मान्य न करणारी गोष्ट आहे. पाइप ओढला गेला की ती नळी ओढली जाते, आणि मग डक्टमुळे ब्रेकच जातो.

तपासणी अशी: गाडी स्टँडवर, स्प्रिंग काढलेली किंवा डॅम्पर सोडवलेला, चाक लावलेलं. जॅकने नकल पूर्ण खाली, मध्ये आणि पूर्ण वर नेऊन प्रत्येक ठिकाणी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एकूण सहा टोकाच्या स्थिती होतात, सहाही बघा. टायरच्या आतल्या बाजूला खडू फासा. पाइपाला कुठे लागतो ते पांढऱ्या डागावरून दिसतं. किमान १० मिमी मोकळी जागा हवी. पार्किंगमध्ये पूर्ण वळवल्यावर किंचित टेकलं तर ट्रॅकवर फरक पडत नाही, कारण तिथे एवढं स्टिअरिंग कुणी वळवत नाही. रस्त्यावरही चालणारी गाडी असेल तर मात्र तेवढंही नको.

नाकातलं तोंड

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. हवा जिथे येऊन थांबते तिथे दाब जास्त असतो, आणि ती जागा बंपरच्या मध्याकडे असते. कोपऱ्यांकडे हवा बाजूला वळायला लागलेली असते आणि दाब उतरतो. फॉग लॅम्पची जागा गाडीच्या पुढच्या सपाट भागात असेल तर चांगली. कोपऱ्यात, वळलेल्या भागात असेल तर बेताची. खात्री करायची तर तिथे लोकरीचे छोटे धागे चिकटवा, शेजारून दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ घ्या. धागे सरळ आत-मागे जात असतील तर जागा बरोबर. बाजूला पळत असतील तर तोंड मध्याकडे सरकवा.

तोंडाचं क्षेत्रफळ पाइपापेक्षा थोडं मोठं, कडा गोलाई दिलेल्या, आणि तिथून पाइपापर्यंत हळूहळू निमुळतं. जाळी हवीच असेल तर विरळ, आणि तेवढं तोंड आणखी मोठं. रेडिएटरसमोरच्या तोंडातूनच हवा घेतलीत तर इंजिनाचं तापमान बघत राहा, ब्रेक वाचवताना इंजिन तापवून बसाल. इंडिकेटर काढून तिथून हवा घेणं शर्यतीच्या गाडीला ठीक आहे, रस्त्यावरच्या गाडीला नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर मधला मार्ग आहे. पोर्शे ९९६ सारख्या गाड्यांत कारखान्यातूनच खालच्या आर्मवर प्लास्टिकचा छोटा पडदा बसवलेला असतो, तो गाडीखालून जाणारी हवा डिस्ककडे वळवतो. तसा पडदा तुमच्या आर्मवर बसवता येईल. पाइप नाही, बंपर कापणं नाही. हवा कमी मिळते, पण घासणारं, फाटणारं काही नसतं.

लावल्यानंतर

रंगाचे पट्टे पुन्हा ओढा, पुन्हा तितक्याच फेऱ्या, शक्यतो तशाच हवामानात. दोन्ही बाजू सारख्या बदलल्या का बघा. एक बाजू जास्त गरम असेल तर तिकडचा पाइप कुठेतरी चेपलाय किंवा कॅलिपरची पिन अडकलीय.

डिस्क फार गार राहणं हाही दोष आहे. शर्यतीचे पॅड थंडीत पकडत नाहीत, आणि सरळ रस्त्यावर पूर्ण गार होऊन प्रत्येक ब्रेकला झटक्यात तापणाऱ्या डिस्कला लवकर भेगा पडतात. हिरवाही पट्टा बदलत नसेल तर तोंडाचा अर्धा भाग टेपने झाका आणि पुन्हा मोजा. रस्त्यावर आणि पावसात वापरताना तोंडं पूर्ण बंद करा, नाहीतर पाणी आणि खडी थेट डिस्कवर जाते. त्यासाठी दोन स्क्रूवर बसणारी झाकणं आधीच करून ठेवा.

शेवटची फेरी ब्रेक न मारता सावकाश घ्या. डक्ट फक्त गाडी चालू असतानाच काम करतो. तापलेल्या डिस्कसह पिटमध्ये उभं राहिलात की सगळी धग कॅलिपरमध्ये चढते आणि उभ्या गाडीत ऑइल उकळतं. उभं राहिल्यावर पेडलावर पाय ठेवून बसू नका.

तुमच्या बाबतीत मी हा क्रम धरला असता: आधी ताजं रेसिंग ऑइल, मोकळ्या पिना, ट्रॅकचे पॅड. एक ट्रॅक डे रंग लावून. आकडे जास्त आले तर आधी प्लेट बनवणं, तिच्यावरून पाइपाचा आकार ठरवणं आणि सगळ्यात शेवटी बंपरला हात लावणं. पहिल्या सत्रानंतर बोनेट उघडण्याऐवजी चाक काढा आणि क्लॅम्प, प्लेटचे बोल्ट, टाय रॉडचा बूट हे तिन्ही हाताने चाचपून बघा. सैल व्हायचं ते पहिल्या वीस मिनिटांतच सैल होतं.